पाणथळीतला तंबू



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा मला विषय विचारला, तेव्हा मी ‘पाणथळीतला तंबू’ असे सांगितले आणि ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. तीस वर्षे कामगार संघटनेत काढलेल्या माणसाने वेतनकरारावर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे, ही त्यांची अपेक्षा रास्त होती. मी इतिहासाचा पदवीधर नाही. माझे शिक्षण सातवीनंतर थांबले, आणि पुढचे जे काही झाले ते दुसऱ्या पाळीवरून सुटल्यावर कंदिलाच्या आणि पुढे विजेच्या उजेडात झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताची शिस्त सापडली नाही तर सांभाळून घ्यावे. पण आज जे सांगणार आहे त्याचा कामगारांशी संबंध नाही असे मात्र कोणी समजू नये.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कारखान्यातील पंधरा-वीस कामगारांनी सहल ठरवली. पोरांना आफ्रिकेतल्या सफारीचे वेड. दूरदर्शन संचावर त्यांनी पाहिलेले असते : अफाट पाणथळ, पाण्यात उभे हत्ती, काठावर पाच-सहा तंबू, तंबूपुढे शेकोटी. तेथवर जाण्याची ऐपत आमची नाही. म्हणून आम्ही भिगवणला गेलो आणि उजनीच्या फुगवट्याच्या काठी एका लहानशा तंबूंच्या मुक्कामावर दोन रात्री राहिलो. सहा तंबू होते. आत लोखंडी खाट, गादी, एक दिवा. भल्या पहाटे नावेतून रोहित पक्षी दाखवायचे, दुपारी चिलापीचे कालवण आणि भाकरी, संध्याकाळी पुन्हा पाणी. मनाला फार बरे वाटले, हे मी आधीच कबूल करतो.

पहिल्या रात्री झोप लागेना म्हणून बाहेर येऊन बसलो. आमच्या शेकोटीचा धूर वर चालला होता, आणि काही अंतरावर, उसाच्या फडाच्या कडेला, तसाच धूर वर चाललेला दिसला. सकाळी चौकशी केली. ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या त्या. एकाच पाण्याच्या काठी, एकाच हंगामात, दोन वस्त्या कापडाखाली आणि पाचटाखाली झोपल्या होत्या. एक वस्ती राहण्याचे पैसे देत होती. दुसरी वस्ती पोट भरण्यासाठी तशी राहत होती. हे चित्र डोक्यातून जाईना, आणि घरी आल्यावर मी तंबूचा इतिहास चाळू लागलो.

‘सफारी’ हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण तो आपल्या ‘सफर’चा सख्खा भाऊ आहे. अरबी ‘सफर’ म्हणजे प्रवास. तो शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन तेथल्या स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला. तेथे त्याचा अर्थ साधा प्रवास एवढाच होता. शिकारीचा आणि चैनीचा अर्थ त्याला पुढे साहेबाने चिकटवला.

तंबू तर आपल्या मातीला मुळीच नवा नाही. डेरा, राहुटी, पाल, कनात, शामियाना, छावणी : इतके शब्द ज्या भाषेत आहेत त्या भाषेच्या लोकांनी तंबू पुष्कळ पाहिले असले पाहिजेत. आणि पाहिलेच होते. आपल्या या कुरुळीहून चाकण काही लांब नाही. १६६० सालच्या जूनमध्ये शाएस्ताखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा आत आणि मोगलांची छावणी बाहेर. ऐन पावसाळ्यात, चिखलात, सुमारे पावणेदोन महिने तो वेढा चालला. ऑगस्टमध्ये सुरुंग लावून तट उडवला तेव्हा कोठे किल्ला पडला. फिरंगोजीचे शौर्य आपण शाळेत वाचतो आणि ते वाचलेच पाहिजे. परंतु त्या पावसात ज्यांनी राहुट्यांच्या भिजलेल्या दोऱ्या रोज ताणल्या, मेखा पुन्हा पुन्हा ठोकल्या, चर खणले आणि ओझी वाहिली, त्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न शाळेत मला कोणी विचारला नाही.

दुसरी हकीकत चाळीस वर्षांनंतरची. ऑक्टोबर १७०० मध्ये औरंगजेबाची छावणी सांगोल्याकडील खवासपूर येथे माण नदीच्या काठी पडली होती. माण पुढे भीमेला मिळते, म्हणजे हे आपल्याच पाण्याचे खोरे. वरच्या डोंगरात अवेळी पाऊस झाला आणि मध्यरात्री नदीचा लोंढा छावणीत शिरला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. गलका ऐकून बादशहाला वाटले, मराठेच आले. तो घाईने उठला, पडला, गुडघा निखळला, आणि तो उरलेल्या आयुष्यात लंगडतच चालला. खुषमस्कऱ्यांनी त्याचीही समजूत घातली, की आपले पूर्वज तैमूरही लंगडेच होते. बादशहाचा गुडघा इतिहासात नोंदला गेला. वाहून गेलेल्या फरासांची, म्हणजे तंबू ठोकणाऱ्या नोकरांची, नावनिशी कोणी ठेवली नाही.

इंग्रजी अमलात छावणी गेली आणि साहेबाचा फिरतीचा डेरा आला. साहेब थंडीत गावोगाव फिरे, आमराईत तंबू लागे, आणि सामान एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवण्यासाठी गावचे लोक वेठीला धरले जात. ‘वेठ’ हा शब्द आपण आज अडवणुकीसाठी सहज वापरतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पाठीला त्याचा अर्थ ठाऊक होता.

आता आफ्रिकेकडे वळू, कारण ज्या सफारीचे चित्र आमच्या पोरांच्या डोळ्यांपुढे होते तिचा जन्म तेथला. एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या समोरच्या किनाऱ्यावरून व्यापाऱ्यांचे तांडे आत जात आणि हस्तिदंत घेऊन परतत. पुष्कळ भागात त्सेत्से माशीमुळे बैल-घोडे टिकत नसत, रस्ते नव्हते, म्हणून सारे ओझे माणसाच्या डोक्यावर. एका हमालाला साधारण तीस किलोचे ओझे, आणि ते घेऊन आठवडेच्या आठवडे चाल.

पुढे १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत युगांडा रेल्वे बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, कराचीमार्गे सुमारे बत्तीस हजार मजूर करारावर नेले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मेले. १८९८ साली त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंह रात्री मजुरांच्या तंबूंत शिरून माणसे ओढून नेऊ लागले. त्या पुलावरच्या साहेबाने लिहून ठेवले, की अठ्ठावीस हिंदी मजूर गेले. आफ्रिकी मजूर किती गेले याची मोजणीच त्याने दिली नाही. बंधूंनो, हजेरीपटावर नाव नसणे म्हणजे काय, हे कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. ज्याचे नाव पटावर नाही त्याचा मृत्यूही कोठे नोंदला जात नाही.

रेल्वे झाली आणि तिच्याच डब्यांत बसून शिकारी आले. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मोंबासाला उतरले. त्यांच्या सफारीत दोनशेहून अधिक हमाल होते. तंबू, स्नानाची टोपली, पुस्तकांची पेटी, कातडी मुरवण्याचे मीठ, सारे डोक्यावर. या सफारीच्या वर्णनांनी जगात तंबूतल्या मुक्कामाची मोहिनी पसरवली. पाचच वर्षांनी पहिले महायुद्ध सुरू झाले, आणि त्याच पूर्व आफ्रिकेत लाखो हमाल लष्कराची ओझी वाहण्यासाठी जबरीने भरती करण्यात आले. गोळ्यांपेक्षा हगवण, हिवताप आणि उपासमार यांनी त्यांतले हजारो बळी घेतले. त्या ‘कॅरिअर कोअर’ची आठवण आजही नैरोबीतील ‘करियाकोर’ आणि दार-एस-सलामचा ‘करियाकू’ बाजार यांच्या नावांत उरली आहे. हमालाचे स्मारक बाजाराच्या नावात असावे, हे एका परीने योग्यच झाले.

ज्या पाणथळीची चित्रे आपण पाहतो ती बहुधा बोट्स्वाना देशातील ओकावांगोची असते. मी तेथे गेलेलो नाही. वाचले तेवढे सांगतो. ही नदी समुद्राला मिळतच नाही. अंगोलाच्या डोंगराळ मुलखात पाऊस पडतो, ते पाणी महिनोन् महिने वाटचाल करीत कलहारीच्या वाळूत येते, हाताच्या बोटांसारखे पसरते आणि तेथेच आटते. गंमत अशी, की तेथे पावसाळा संपून कोरडा ऋतू सुरू झाल्यावर पूर चढतो. म्हणूनच रखरखीत उन्हाळीच्या दिवसांत सारे प्राणी त्या पाण्यावर जमतात, आणि त्यांच्या मागे पाहुणे. लाकूड कोरून केलेली ‘मोकोरो’ नावाची होडी लांब काठीने रेटणारा नावाडी तेथला वाटाड्या. २०१४ साली या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि त्या यादीतले ते एक हजारावे स्थळ ठरले.

पण मला महत्त्वाची वाटली ती १९६३ सालची गोष्ट. देश अजून इंग्रजांच्या ताब्यात होता, स्वातंत्र्य १९६६ साली आले. शिकारीने प्राणी संपत चालले हे पाहून तेथल्या बातवाना जमातीने आपल्याच जमिनीचा एक भाग राखून ठेवला. जमातीचा कारभार तेव्हा राणी एलिझाबेथ पुलाने मोरेमी यांच्या हाती होता. मोरेमी अभयारण्य ते हेच. सरकारी हुकमाने न होता लोकांच्या निर्णयाने झालेले हे काम मोठे होते, यात शंका नाही. तथापि त्याच जागेत पिढ्यान् पिढ्या मासे धरून आणि शिकार करून राहणारे नदीकाठचे बुशमन लोकही होते. त्यांना तेथून उठून ख्वाय येथे जावे लागले. थोरल्या जमातीने घेतलेल्या चांगल्या निर्णयाची किंमत धाकट्या जमातीने दिली. पुढे अनेक वर्षांनी ख्वायच्या गावकऱ्यांनी आपली विकास संस्था काढली आणि शेजारच्या क्षेत्रातील पाहुण्यांच्या मुक्कामातून गावाला उत्पन्न मिळू लागले. उशिरा का होईना, उठवलेल्यांचा वाटा मान्य झाला.

आता परत उजनीला येऊ. ओकावांगो निसर्गाने घडवला, उजनी माणसाने. पण दोघांत एक साम्य आहे. इंदापूर, करमाळा, माढा हा अवर्षणाचा मुलूख. तेथला जलाशय तेथल्या पावसाने भरत नाही. पाऊस पडतो मावळात, मुळशीत, आपल्या खेडच्या डोंगरात. भीमा, भामा, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा यांचे पाणी खाली जाते आणि कोरड्या मुलखात समुद्रासारखे पसरते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, ज्याला वर्तमानपत्रे टीएमसी म्हणतात, आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे कालव्यात सहज न उतरणारा. पात्र उथळ, म्हणून पाणी दूरवर पसरले. हिवाळ्यापासून पातळी उतरू लागली की मैलोन् मैल गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, शेवाळ, शिंपले. रोहित पक्षी मान उलटी करून चोचीने तोच गाळ गाळतो. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडून येतात. धरण बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते. पक्ष्यांनी धरणाचा आपला अर्थ लावला.

या पाण्याखाली काय आहे? १८५८ साली पुण्याहून निघालेली रेल्वे जेथवर पोचली होती, त्या दिक्सळचा परिसर येथलाच. पळसदेवचे जुने देऊळ येथे पाण्यात आहे. दुष्काळी साली पाणी फार उतरले म्हणजे ते उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. पुणे, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, अशा तीन जिल्ह्यांतील गावांची काळी आणि पांढरी या पाण्यात गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. तोवर या धरणाचे काम पुष्कळ पुढे गेले होते.

आमची नाव वल्हवणारा माणूस साठी ओलांडलेला होता. मी विचारले, “मामा, येथे पाणी किती खोल?”

ते म्हणाले, “कुठं दोन पुरुष, कुठं चार. आता आपण आमच्या गावठाणावर आहोत. ह्या अंगाला आमचं घर होतं.”

“मग राग येत नाही का, रोज त्यावरून नाव न्यायला?”

“राग करून नाव चालंल का, दादा? बापाची जमीन गेली. नव्या गावठाणात पोट भरंना, म्हणून जाळं धरलं. आता मासा कमी झाला, म्हणून पाहुणे धरले.” मग थोडे थांबून म्हणाले, “तुम्ही चाकणकडचे ना? तुमच्याकडचं पाणी येतंय आमच्याकडं. हिरवं होऊन येतंय.”

मला उत्तर सुचले नाही. आमच्या पट्ट्यातल्या गटारांचे, नाल्यांचे आणि नद्यांचे पाणी शेवटी जाते कोठे, याचा विचार मी तीस वर्षांत किती वेळा केला? बोनसच्या मागणीपत्रात तो मुद्दा मी कधी घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कोप्यांकडे गेलो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, तिचा हिशेब मुकादमाच्या वहीत. बहुतेक जोडपी बीडकडची. पहाटे चारला उठून फडात, गाडी भरेपर्यंत काम. त्यांची पोरे काठावर उभी राहून आमच्या तंबूंकडे पाहत होती. एका पोराने विचारले, “तुमची तोड कुठल्या कारखान्याला?” कापडाखाली राहणारा माणूस तोडीलाच आला असणार, असा त्याचा साधा हिशेब. मी हसलो, पण ते हसू फार टिकले नाही.

उजनीचे पाणी आले म्हणून ऊस आला. ऊस आला म्हणून बीडचा मजूर आला. पाण्याखाली गाव गेले म्हणून शेतकऱ्याचा नावाडी झाला. गाळ उघडा पडला म्हणून पक्षी आले, आणि पक्षी आले म्हणून तंबू आले. ही एकाच साखळीची कडी आहेत. आपण तंबूत बसून शेवटचे कडे पाहतो आणि त्याला निसर्ग म्हणतो.

याचा अर्थ तंबूत राहू नये, असा मी मुळीच काढत नाही. कामगाराने आठ दिवस रजा घ्यावी, बायको-पोरांना घेऊन पाणी पाहावे, पक्षी पाहावा. आठ तासांचा दिवस आणि पगारी रजा आपल्या वडीलधाऱ्यांनी झगडून मिळवली ती यासाठीच. विश्रांती हा उपकार नाही, हक्क आहे. परंतु जो हक्क मला मिळाला तो माझा तंबू ठोकणाऱ्याला मिळाला आहे काय, हे विचारणे माझे काम आहे. मी त्या मुक्कामावरच्या पोरांना विचारले. रोजंदारी, हंगामापुरती. पावसाळ्यात काम नाही. आजारी पडला तर त्याचे त्याने पाहावे. नावेत आम्हा सर्वांना तरंगण्याची जाकिटे दिली होती, वल्हवणाऱ्या मामांना मात्र नव्हते.

अशा विखुरलेल्या माणसांचे संघटन होत नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. हमालांबद्दलही असेच म्हणत. आज या धन्याचे पोते, उद्या त्या धन्याचे, यांचा मालक कोण आणि हजेरी कोणाकडे? पण महाराष्ट्रातील माथाडींनी आणि हमालांनी लढून १९६९ साली स्वतःचा कायदा करवून घेतला. अनेक धन्यांची हमाली एका मंडळाकडे जमा होऊ लागली. भविष्यनिर्वाह निधी आला, रजा आली. पुण्यात हमालांची पंचायत उभारणारे बाबा आढाव धरणग्रस्तांच्या लढ्यातही उभे राहिले, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याच्या डोक्यावर ओझे आहे तो आणि ज्याच्या घरावर पाणी आहे तो, यांची फिर्याद एकाच जातीची आहे. कोणाच्या तरी सोयीसाठी त्यांनी भार उचलला आणि हिशेबाच्या वेळी त्यांची आठवण राहिली नाही.

म्हणून आमच्या संघटनेत परतल्यावर आम्ही तीन लहान गोष्टी ठरवल्या. यापुढे सहल काढताना आधी विचारायचे, की नावाडी आणि तंबूवाले यांना रोज किती मिळतो, त्यांचा विमा आहे काय, नावेत त्यांच्यासाठीही जाकीट आहे काय. दुसरे, शक्य तेथे धरणात गाव गेलेल्या माणसाच्याच नावेत बसायचे आणि भाड्यात घासाघीस करायची नाही. तिसरे, कारखान्याच्या सांडपाण्याचा प्रश्न सुरक्षा समितीच्या बैठकीत आपण स्वतः काढायचा. याने उजनीचे पाणी उद्या निर्मळ होईल, असा माझा भ्रम नाही. पण इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्याला खालच्या माणसाचे पाणी गढूळ करून वर अभंग म्हणण्याचा अधिकार नाही, एवढे मला कळते.

निघण्याच्या सकाळी तंबू आवरण्याचे काम चालू होते. आमच्यातल्या एका जोडाऱ्याने आपणहून मेखा उपटायला हात लावला. तेथला पोरगा म्हणाला, “राहू द्या काका, तुम्ही पाहुणे.” तो म्हणाला, “पाहुणा कसला? मीही मेखाच ठोकतो, फक्त छपराखाली.” मग सगळेच लागले, आणि सहा तंबूंच्या घड्या अर्ध्या तासात झाल्या.